हळू बोल, म्हाळसा

माझा आवाज मुळातच मोठा. मेंढ्यांमागं वाढलेल्या पोरीचा असतोच. पण सत्त्याण्णव साली शंभूचं स्थळ आलं आणि आईनं आठ दिवस लकडा लावला, "हळू बोल, म्हाळसा. बाईचा आवाज उंबऱ्याभाईर जाऊ ने."

तिचा तर चुलीपाशीच विरायचा. लग्नाआधी तिनं हाक मारली की भीमेपलीकडचा कळप माना वर करायचा, असं मामा सांगायचे. मला ती थापच वाटायची.

शंभू शिक्रापूरला कारखान्यात होता. मांडवगणच्या जत्रेत मी त्याला दोनदा पाहिला होता आणि खोटं कशाला बोलू, मला तो हवाच होता. म्हणून बघायच्या कार्यक्रमात पाटावर बसून मी अशी कुजबुजले की माझं मलाच ऐकू येईना.

"नाव काय, पोरी?" शंभूच्या वडलांनी, हौसरावांनी विचारलं.

"म्हाळसा."

"आं?"

तीनदा विचारून ते थकले. पोह्यांची बशी खाली ठेवत माझ्या वडलांना म्हणाले, "पोरगी चांगली हाय आप्पा, पर लई अशक्त दिसती. आमच्यात अजून साठ मेंढरं हायेत. कळवतो."

कळवतो म्हणजे नाही, हे कुणाला कळत नाही? 

पाव्हणे जीपमध्ये बसले. ड्रायव्हर गाडी मागं घ्यायला लागला ती सरळ आमच्या बिनकठड्याच्या विहिरीकडं.

"थांबाऽऽ!"

जीप जागच्या जागी थांबली. गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प झाली. हौसराव उतरले, विहिरीत डोकावले आणि घाम पुसत म्हणाले, "कोण वरडलं?"

आई पदर सावरत पुढं झाली. "शेजारची चांगुणा. लई तोंडाळ हाय."

"मग तीच दाखवा की!"

चांगुणाला दोन नातवंडं होती. पण ते सांगत बसायला वेळ कुणाला होता? डोक्यावरचा पदर गेला उडत. "मी वरडले! मी, म्हाळसा!"

"आता कसं! आता आलं ऐकू," हौसराव म्हणाले. शंभू मान खाली घालून हसत होता. लाजायचं काम त्यानंच उरकलं.

लग्न झालं. पाठवणीला आई रिवाजाप्रमाणं पदरात तोंड लपवून मुकाट रडली. आमची गाडी वेशीपर्यंत गेली आणि मागून हाक आली.

"म्हाळसाऽऽ! मोठ्यानं बोलत जाऽऽ!"

ड्रायव्हरनं कुणी न सांगता ब्रेक दाबला. मी वळून पाहिलं. अख्ख्या गावासमोर, पदर खांद्यावर पडलेला, आई उभी होती. मामा थाप मारत नव्हते.