एनिसच्या शेतात लावलेला कौल

अलकनंदाचं डोकं फिरलंय हे मला शुक्रवारीच कळायला हवं होतं, कारण तिने फोनवर विचारलं, "सुमेधा, तुझ्याकडे तारेचे हँगर आहेत का गं?" मी म्हटलं आहेत. आणि शनिवारी सकाळी नासहून गाडी हाणत निघाले ती हँगर घेऊन थेट एनिसला तिच्या दारात. म्हणजे डोकं नक्की कुणाचं फिरलं होतं हा प्रश्नच आहे.

प्रकरण असं होतं. मेलबर्नच्या एका कंपनीने अलकनंदाला नोकरी देऊ केली होती आणि त्यांना सोमवारी उत्तर हवं होतं. आम्ही दोघी एमएस्सी करायला डब्लिनला एकत्र आलो, तिथल्या ब्युमॉन्ट भागात एका खोलीत राहिलो, एका कुकरमध्ये भात लावला. पुढे तिला एनिसजवळच्या शॅननला नोकरी लागली आणि मला नासला, पण शनिवार-रविवार आमचे एकत्रच जायचे. ती जायला मला नको होती. अजिबात नको होती. पण मैत्रिणीच्या करिअरच्या आड येणारी बाई मला व्हायचं नव्हतं, म्हणून मी इतके दिवस "जा की, मस्त ऊन असतं तिकडे" असं म्हणत होते. त्यावर ती दर वेळी नुसतं "हो ना" म्हणायची. त्या "हो ना"ने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

अलकनंदा स्वतः कधी काही ठरवत नाही. तिचं मूळ गाव कुडाळजवळ, आणि त्यांच्या घरात लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं ग्रामदेवीला कौल लावून ठरतं. देवीच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, पाकळी उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. आता कुडाळची देवी एनिसला कुठून आणणार? तर तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी तिला ले लाइनचं सांगितलं. झालं.

"जुनी पवित्र ठिकाणं एका सरळ रेषेत असतात," माझे हँगर पकडीने वाकवत ती मला समजावत होती. "त्या रेषेतून शक्ती वाहते. हातात तारा धरून चालायचं. रेषा आली की तारा आपोआप फिरतात. म्हणजे ते जागृत स्थान."

"आणि त्या जागृत स्थानाला तू मेलबर्नचं विचारणार."

"हो."

"आयर्लंडच्या जमिनीला ऑस्ट्रेलियातलं काय कळतंय?"

"इथले निम्मे लोक तिकडेच गेलेत," ती म्हणाली. मी दुसरा हँगर तिच्या हातात दिला.

गावाबाहेरचं एक शेत तिने हेरून ठेवलं होतं. एका टोकाला फेअरी फोर्ट, म्हणजे झाडांनी वेढलेला मातीचा गोल बांध, ज्याला इथले शेतकरी पऱ्यांच्या धाकाने ट्रॅक्टरचं चाकसुद्धा लागू देत नाहीत. दुसऱ्या टोकाला पडक्या चर्चची भिंत. शेतमालक फाटकापाशीच भेटला. हातातल्या तारा बघून त्याने विचारलं, तुम्ही ब्रॉडबँडवाल्या का. अलकनंदाने खरं काय ते सांगून टाकलं. मला वाटलं आता हा हाकलून देणार. तर तो म्हणाला, "ग्रँड. फक्त फाटक लावून घ्या आणि फोर्टच्या आत जाऊ नका." आम्ही ब्रॉडबँडवाल्या नाही याचं मात्र त्याला फार वाईट वाटलेलं दिसलं.

फाटक मी लावलं. नीट लावलं नव्हतं हे नंतर कळलं.

अलकनंदाने तारा रिकाम्या बॉलपेनच्या नळ्यांत बसवल्या होत्या. दोन हातांत दोन तारा पुढे धरून ती चालायला लागली, चेहरा असा गंभीर की मला हसायचीही सोय नाही. शेताच्या मध्यावर तारा हलल्या. "आली," ती कुजबुजली. "मी मेलबर्नला जाऊ का?"

तारा फिरल्या आणि एकमेकींवर फुली मारून थांबल्या.

"उजवीकडे गेली," ती म्हणाली.

"कुठली?"

"डावी."

"आणि उजवी?"

"ती डावीकडे गेली."

"म्हणजे काय, अर्धीच जा?"

तिने पुन्हा चालून बघितलं. पुन्हा फुली. कौलाला एक बाजू लागते आणि या बयेच्या हातात दोन तारा, निकाल लागणार कसा? शेवटी मीच वैतागून म्हटलं, "एकच तार धर ना, बाई."

तिने एक तार गवतावर ठेवली आणि दुसरी माझ्या हातात दिली. "आपला कौल आपण लावायचा नसतो. गुरव लागतो. तू हो गुरव."

"मी? मी पुण्याची. आमच्याकडे देवाला नुसता नमस्कार करतात."

"'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरू कर. पुढे काय हवं ते बोल. मी 'व्हय म्हाराजा' म्हणते."

तोवर पलीकडच्या शेतातले गोऱ्हे त्या फाटकातून आत आले होते आणि आमच्याभोवती अर्धगोल करून उभे होते. गाऱ्हाण्याला गावकरी लागतातच म्हणा. मी घसा खाकरला.

"बा देवा म्हाराजा, या चर्चच्या आणि त्या फोर्टच्या मध्ये जो कोण असशील तो."

"व्हय म्हाराजा."

"ही अलकनंदा, मूळ गाव कुडाळ, हल्ली मुक्काम एनिस, तुझ्यापुढे उभी आहे."

"व्हय म्हाराजा."

"हिला मेलबर्नचं बोलावणं आलंय. ही हुशार आहे, पण हिला स्वतःचे मोजे सापडत नाहीत."

तिने डोळे वटारले, पण नियम तो नियम. "व्हय म्हाराजा."

"ही गेली तर हिला तिकडे मोठं पद मिळेल, ऊन मिळेल."

"व्हय म्हाराजा."

"आणि इकडे नासला एक बाई शनिवारी कुठे जायचं ते न सुचून स्वयंपाकघरातली कपाटं आवरत बसेल."

या वेळचं "व्हय" जरा उशिरा आलं.

मला थांबता येईना. "त्या बाईने इतके दिवस जा जा म्हटलं ते खोटं होतं, देवा. हिने जाऊ नये असं तिला वाटतं. तिला फार वाईट वाटणार आहे आणि ते ती कुणाला सांगणार नाही, कारण जिला सांगायचं तीच इथे नसणार."

 व्हयच्या जागी एक गोऱ्हा फुरफुरला.

"व्हय म्हण," मी म्हटलं. "नियम तूच ठरवलास."

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली आणि बाहीने नाक पुसलं.

"तर हिने जायचं असेल तर उजवा दे, राहायचं असेल तर डावा."

मी हात अगदी स्थिर धरला होता. शप्पथ. तार हळूहळू फिरली आणि उजवीकडे जाऊन थांबली. मला एकदम रडूच आलं. "उजवा," मी म्हटलं.

अलकनंदाने तार बोटाने पुन्हा सरळ केली. "वारा होता," ती म्हणाली. "परत लाव."

"एका प्रश्नाला दोनदा कौल लावतात का?"

"परत लाव म्हणते ना."

"तुला जायचंच नव्हतं तर इतके दिवस हो ना, हो ना काय करत होतीस?" मी ओरडलेच. गोऱ्हे दचकून मागे सरले.

"तू जा जा म्हणत होतीस. मला वाटलं तुला माझा कंटाळा आला."

इतकी वर्षं एका कुकरमधला भात खाऊन ही असा विचार करते. मला तिचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. तिच्या डोळ्यांदेखत मी मनगट डावीकडे वाकवलं. तार निमूट डावीकडे गेली.

"डावा," मी म्हटलं.

"मनगट हललं तुझं."

"हललं. मीच हलवलं."

"मग मेलबर्नला काय कळवू? तार डावीकडे गेली म्हणून?"

"सुमेधाने जाऊ दिलं नाही म्हणून कळव."

तिने गवतातली दुसरी तार उचलली.

"बरं," ती म्हणाली. "तसंच कळवते."