गोविंदाचा काळा कोट

लिंक्डइनवरच्या फोटोत धम्मशीलाच्या अंगावर जो काळा कोट दिसत होता, तो तिचा नव्हता. तसा तो कोणाचाच नव्हता. मोताळ्यात ऑनलाइन सेंटर चालवणाऱ्या गोविंदाच्या कॉम्प्युटरमध्ये तो कोट राहत होता, आणि नोकरीसाठी फोटो काढायला येईल त्याच्या गळ्याखाली गोविंदा तो चिकटवून देत असे. पोरगा असो की पोरगी, कोट एकच. अर्ध्या तालुक्यानं तो घातला होता आणि कोणी हात लावून पाहिला नव्हता.

कोटाचं धम्मशीलाला काही वाटलं नव्हतं. पण आज सकाळी लॅबमध्ये नागपूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलातून फोन आला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"धम्मशीला इंगळे? तुमची प्रोफाइल माझ्यासमोर आहे," पलीकडच्या मॅडम म्हणाल्या. "पिंपळगाव राजाच्या राखी खर्चे यांचीही आहे. दोन्हींत अनुभव शब्दन् शब्द सारखा आहे. तीनशे खाटांच्या हॉस्पिटलात तीन वर्षं, संपूर्ण स्वयंचलित मशीन, हाताखाली सहा माणसं. यातलं खरं कोणाचं?"

"माझंच" हा शब्द धम्मशीलाच्या अगदी जिभेवर आला होता. खोटं कशाला बोला? आला होता. तिनं तो गिळला आणि म्हणाली, "मॅडम, मी बघून सांगते."

"चार वाजता मुलाखतीची यादी डॉक्टरांकडे जाते. तोवर नीट करा. नाही तर दोन्ही नावं काढते."

फोन बंद झाला. धम्मशीला सहा वर्षं मोताळ्यातल्या या एकाच रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होती, सकाळी धामणगाव बढ्याहून यायची आणि संध्याकाळी परत जायची. मोठी मशीनं तिनं फक्त मोबाइलवर पाहिली होती. तिनं अर्ज केलेल्या या जागेच्या जाहिरातीत वयाची अट तिशीची होती आणि तिला पुढच्या महिन्यात तीस वर्षं पूर्ण होत होती. ही संधी गेली की पुन्हा दार उघडणार नव्हतं. वर ती राखी! जिला आपण कधी पाहिलं नाही, तिच्याही पोटावर पाय यायची वेळ आली होती.

आता कोणी म्हणेल, मोबाइल हातात आहे, बदलून टाकायचं. पण खातं गोविंदानं उघडलेलं, नंबर गोविंदाच्या घरचा, पासवर्डही गोविंदाचा. आपलं खातं दुसऱ्याच्या खिशात ठेवण्यात आपल्याकडे कोणालाच काही वावगं वाटत नाही. धम्मशीलालाही वाटलं नव्हतं; त्यानं काय लिहिलं तेही तिनं वाचलं नव्हतं. आता ती स्वतःलाच शिव्या घालत त्याला फोन लावत होती आणि तो उचलत नव्हता.

लॅबमधली गर्दी ओसरायला दोन वाजले. "सर, डोकं फुटून राह्यलं माह्यं," असं सांगून ती निघाली. हे मात्र खरं होतं.

बाजाराचा दिवस होता. कांद्याचे ढीग, मिरचीची पोती, माणसांचे लोंढे. पाचेक मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लागला. सेंटरसमोर पीकविम्याचे अर्ज भरायला रांग होती आणि रांगेत सगळ्यांत पुढे शेषराव होते, दर तीन महिन्यांनी साखर तपासायला लॅबमध्ये येणारे. त्यांना बाजूला सारून ती आत शिरली.

"काऊन जी गोविंदाभाऊ, हे कोणाचं टाकलं माह्या नावावर?"

गोविंदानं स्क्रीनकडे पाहिलं. त्याला ओशाळायचंही सुचलं नाही. "चांगलंच तं टाकलं ताई. तुमच्या आदल्या दिवशी राखीताईचं केलं होतं. त्याबी लॅबवाल्या, तुमीबी लॅबवाल्या."

"म्हणून तिचं मले लावून द्यायचं?"

"मी पुसलं होतं नं तुमाले, काम काय करता म्हणून. तुमी म्हणल्या, काही नाई, रक्त काढतो. तेवढ्यानं पान भरते का, सांगा बरं?"

तिनं खरंच तसं म्हटलं होतं. वर हसलीही होती. गोविंदाची चूक होतीच, पण जागा तिनं स्वतःच रिकामी सोडली होती, आणि हे कळलं तेव्हा तिला रडू यायचंच बाकी राहिलं.

"काढा ते. आत्ताच्या आत्ता."

पासवर्ड गोविंदाला आठवेना. नवा मागवला तर कोड त्याच्या आईच्या, शालूबाईच्या मोबाइलवर गेला, आणि शालूबाई बाजारात. तिला फोन लावला. तिनं आधी रिचार्जच्या मेसेजमधले आकडे वाचून दाखवले, मग चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं, शेवटी एका भाजीवालीनं कोड वाचला. तोवर साडेतीन होऊन गेले होते.

गोविंदानं राखीचा मजकूर पुसला. पांढरी रिकामी चौकट उरली. "बोला ताई. काय टाकू?"

धम्मशीला त्या चौकटीकडे पाहत राहिली. डोक्यात एक शब्द येईना.

रांगेला मात्र भरपूर सुचत होतं. शेषराव म्हणाले, "लिही बे, बाई लय मायाळू हाये."

"हात हलका हाये म्हणा," मागून एक बाई म्हणाली. "सुई टोचल्याचं समजतबी नाई."

"जिल्ह्यात एक नंबर, असं टाक!"

"अरे बाप्पा, गप्प बसा नं!" धम्मशीला उसळली. "मायाळूचं काय करतीन ते? गोविंदाभाऊ, लिहा. रोजचे साठ-सत्तर नमुने, एकटीनं. सहा महिन्यांच्या लेकरापासून नव्वदीच्या म्हाताऱ्यापर्यंत. आमची मशीन लहान हाये, अर्धं काम हातानं करा लागते. तेबी लिहा." आता ती थांबत नव्हती. "एका दिवशी एकाच गावच्या तीन कौशल्याबाई आल्या होत्या. तिघींच्या नळीवर नाव, नवऱ्याचं नाव, वय, वेळ, समदं बाई उठाच्या आधी लिहिलं. सहा वर्षांत एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं नाई. एकदाबी नाई."

टाइप करणारी गोविंदाची बोटं थांबली. त्यानं मान वर केली नाही. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या.

"हेबी लिहू?" त्यानं हळूच विचारलं.

"हेच लिहा."

कोटाचा फोटो काढून टाकला. निळ्या पडद्यासमोर उभं करून, आहे त्या कुडत्यावर फोटो घेतला. घाम आला होता तो तसाच फोटोत आला. तीन पन्नासला प्रोफाइल बदलली आणि तिनं मॅडमना फोन केला.

पलीकडे मॅडम वाचत असाव्यात.

"तुमचा अनुभव आता बराच कमी झाला," मॅडम म्हणाल्या.

"हो मॅडम. पण माझा आहे. ते सगळं राखी खर्चेंचं होतं. त्यांचं नाव काढू नका."

"आणि या तीन कौशल्याबाई? याला पुरावा काय?"

"लॅबची नोंदवही आहे. माझ्याच अक्षरात."

"त्या पानाचा फोटो काढून आणा, सोमवारी अकरा वाजता. निवड होईलच असं नाही, डॉक्टर कडक आहेत. आणि राखी खर्चेही असतील."

फोन ठेवला तेव्हा चार वाजत आले होते. रांगेतल्या बाईनं तिला स्टूल दिलं. शेषरावांनी मात्र आपला पीकविम्याचा अर्ज गोविंदाच्या हातून ओढून घेतला होता आणि डोळ्यांजवळ नेऊन वाचायला सुरुवात केली होती. "हे वावर माह्यंच होय नं बे? का शेजाऱ्याचं?"

कोणी हसलं नाही. मागचेही आपापले अर्ज उलगडू लागले.

"ताई, नवा पासवर्ड सांगा," गोविंदा म्हणाला. "टाकून देतो."

धम्मशीलानं आधी नंबर बदलून आपला टाकला. मग की-बोर्ड स्वतःकडे ओढला.

"भाऊ, तिकडं पाहा," ती म्हणाली, आणि गोविंदानं मुकाट्यानं मान वळवली.