तेल जातंय कुठे?

सासऱ्यांची गाडी कोपऱ्यावर वळली की मिस्त्रीणबाई नुसत्या आवाजावरून ओळखायची. खरं तर कायद्याने ते आता तिचे सासरे नव्हते. घटस्फोटाला चार वर्षं झाली होती आणि नवरा दूरदेशी दुसरा संसार मांडून बसला होता. पण नवरा सुटला म्हणून सासऱ्यांना काय म्हणायचं, हे काही कोर्टाच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. ती त्यांना बाबा म्हणायची, ते तिला पोरी म्हणायचे, आणि गाडीला तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. स्वतःच्या वडिलांच्या मागे त्यांचं गॅरेज तिने एकटीने सांभाळलं होतं. सगळा बाजार तिला मिस्त्रीणबाई म्हणायचा. सुरुवातीला चेष्टेने, नंतर आदराने.

त्या दिवशी बाबा गाडीतून उतरले ते कंबर धरूनच.

"पोरी, तेलाचा लाल दिवा लागतोय बघ. हल्ली पाणी प्यावं तसं तेल पितेय ही."

तिने बॉनेट उघडून तेलाची पट्टी ओढली. टोक जेमतेम ओलं होतं. गाडी तीन लाख बारा हजार किलोमीटर धावलेली. या वयात थोडंफार तेल खाणारच. तरी ती पाठीवर सरकून गाडीखाली गेली. इंजिनाची तळी कोरडी. रेडिएटरचं झाकण काढून पाहिलं. पाणी स्वच्छ, तेलाचा तवंग नाही.

"बाहेर गळत नाही, पाण्यात जात नाही. म्हणजे आतच जळतंय," ती म्हणाली. "पण किती जळतंय ते कळल्याशिवाय मी हात घालणार नाही. वरच्या खुणेपर्यंत तेल भरून देते. पंधरा दिवसांनी या. तोवर तुम्ही एक थेंबही ओतायचा नाही."

तिने गाडीच्या मीटरचा आकडा खडूने भिंतीवर लिहून ठेवला. जाता जाता सहज विचारलं, "आई कशा आहेत?"

"बरी आहे की," बाबा बॉनेटकडे बघून म्हणाले, आणि घाईने निघाले.

नवव्याच दिवशी ते परत आले. दिवा पुन्हा लागला होता. तिने पट्टी पुसून दोनदा पाहिली. तेल चांगलं लिटरभर खाली गेलं होतं. नऊ दिवसांत लिटर! म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या असणार. रिंगा गेल्या म्हणजे इंजिन उघडा, आणि या वयाच्या गाडीचं इंजिन उघडण्यापेक्षा लोक गाडीच भंगारात घालतात.

बाबा स्टुलावर बसले होते. हातातली टोपी गोल गोल फिरवत त्यांनी विचारलं, "वाचेल ना गं?"

तो आवाज काही गाडीबद्दल विचारणाऱ्या माणसाचा नव्हता. पण तिचं लक्ष कामात होतं.

"आधी बघू तरी द्या. डॉक्टर नाडी न बघता रडतो का?"

तिने चारही प्लग काढले. दोन कोरडे होते, दोन तेलाने काळे, चिकट. मग प्रत्येक सिलिंडरला दाब मोजायचं गेज लावून बाबांना स्टार्टर मारायला सांगितलं. एक, दोन, तीन, चार. चारही आकडे चांगले आणि जवळजवळ सारखे आले आणि तिचा जीव भांड्यात पडला. रिंगा शाबूत होत्या. प्लग परत बसवून तिने गाडी तासभर तशीच उभी ठेवली, मग चालू करायला लावून स्वतः सायलेन्सरमागे उकिडवी बसली. भस्सकन निळा धूर आला, आणि मिनिटभरात स्वच्छ झाला.

"व्हॉल्व्हची सीलं," हात पुसत ती म्हणाली. "रबरच ते, किती वर्षं टिकणार? गाडी उभी असली की वरून तेल झिरपतं, आणि चालू केली की जळतं. दोन दिवसांचं काम आहे. ठेवून जा."

"आज नको," बाबा म्हणाले.

"मग उद्या."

"उद्याही नको. नुसतं तेल भर, पोरी. मला गाडी रोज लागते."

"रोज? भाजी आणायला?"

"भाजी... दूध... म्हणजे असतात कामं."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. दाढी दोन दिवसांची वाढलेली. शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. मग तिने गाडीकडे पाहिलं. पुढच्या जाळीवर आणि नंबरप्लेटवर किड्यांचा चिखल झाला होता. भाजी आणणाऱ्या गाडीवर असे किडे चिकटत नाहीत. त्यासाठी मोठ्या रस्त्यावरून भरधाव जावं लागतं.

ती आत वाकली, मीटर वाचला आणि भिंतीवरच्या आकड्याशी ताडून पाहिला. एक हजार नव्वद किलोमीटर. नऊ दिवसांत.

"बाबा, गाडीचा रोग जुनाच आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "धाव नवी आहे. कुठे जाता तुम्ही रोज?"

बाबांनी वीजखात्यात चौतीस वर्षं घरोघरची मीटरं वाचली होती. आकडा कधी खोटं बोलत नाही, हे त्यांचंच पालुपद.

"माझ्याच विद्येने मला धरलंस," ते म्हणाले. हसायला गेले आणि हसू ओठातच मोडलं. "तुझ्या सासूला अर्धांगाचा झटका आला. तीन आठवडे झाले. उजवा हात आणि बोलणं... साठ किलोमीटरवर ते व्यायामाचं रुग्णालय आहे ना, तिथे ठेवलीय. सकाळी जातो, तिला भरवतो, अंधार पडायच्या आत परततो."

"तीन आठवडे! आणि मला कळवलं नाही?"

"तिनेच शपथ घातली. बोलता येईना, तर डाव्या हाताने पाटीवर लिहून दाखवलं. 'तिला सांगू नका. कुठल्या तोंडाने बोलावू?'"

मिस्त्रीणबाई जवळच्या टायरवर बसली. घर सोडलं त्या दिवसाचा सल तिच्या मनात होताच. सासरे बॅग उचलून रिक्षापर्यंत आले होते. सासू मात्र स्वयंपाकघराचं दार लावून बसली होती, बाहेरच आली नव्हती. नवऱ्याचं वागणं तिने कधीच मागे टाकलं होतं. तो बंद दरवाजा तेवढा टाकता आला नव्हता.

ती उठली आणि साबणाने हात धुऊ लागली.

"गाडी इथेच राहील. माझ्या टेम्पोत बसा."

"अगं, पण शपथ..."

"शपथ तुम्हाला घातलीय. तुम्ही कुठे काय सांगितलंत? मीटरने सांगितलं."

रुग्णालयाच्या खोलीत तीन खाटा होत्या. खिडकीजवळच्या खाटेवर आई बसल्या होत्या आणि डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडत होत्या. दारात कोण उभं आहे ते पाहून त्यांनी ती बोटं तशीच पदराखाली लपवली. मग नवऱ्याकडे असं पाहिलं की बाबा चटकन पाण्याची बाटली भरायला निघून गेले.

मिस्त्रीणबाई खाटेच्या कडेला टेकली. बोलायचं म्हणून वाटेत जे जे ठरवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. शेवटी तिने पदराखालचा तो हात बाहेर काढला, मांडीवर घेतला आणि बोटं उघडू लागली. करंगळीपासून, हळूहळू, गंजलेला नट सोडवावा तशी. जोर न लावता.

मग आईंचे ओठ हलले. शब्द तुटक येत होते.

"त्या दिवशी... रडत होते. म्हणून... नाही आले बाहेर."

"मला वाटलं, तुम्ही रागावलात."

"रागावले होते." आईंनी दम घेतला. "मुलावर."

ती पुढच्या बोटाकडे वळली. थोड्या वेळाने आईंनीच डावा हात आपल्या डोक्याकडे नेला. वेणी कुणीतरी घाईत घातलेली, एकीकडे कललेली.

"ह्यांना... जमत नाही," त्या म्हणाल्या.

"बाबांनी घातली ही? तरीच!" दोघी हसल्या. आईंचं हसू अर्ध्याच चेहऱ्यावर आलं, पण आलं. मिस्त्रीणबाईने वेणी सोडली, केस विंचरले आणि घट्ट तीनपेडी घातली. बाबा बाटली घेऊन परत आले आणि दारातच थांबून राहिले.

पुढचे दोन दिवस ती सकाळी बाबांना टेम्पोतून नेऊन आणायची आणि दुपारनंतर गाडीत डोकं घालायची. कडक झालेली सीलं नखाने दाबली तरी तुटत होती. नवी बसवली, इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा ब्रीदरचा तुंबलेला पाइप साफ केला, तेल बदललं. तिसऱ्या दिवशी पहाटेच्या गारठ्यात गाडी चालू केली. धूर नाही.

पुढच्या हजार किलोमीटरांत तेल पट्टीवर जेमतेम नखभर उतरलं. त्यातले निम्मे किलोमीटर तिनेच चालवले होते, कारण एक दिवसाआड गॅरेज अर्धा दिवस बंद ठेवायचं तिने ठरवून टाकलं होतं. दाराला पाटी लावली होती: 'घरी आजारपण आहे.' गिऱ्हाइकं विचारायची, कोण आजारी? ती सांगायची, सासूबाई.

दीड महिन्याने आईंना घरी सोडलं. काठी टेकत त्या गाडीपाशी आल्या, मागचं दार उघडणाऱ्या नवऱ्याला बाजूला केलं आणि पुढच्या सीटवर, मिस्त्रीणबाईच्या शेजारी बसल्या.

"सावकाश चालव," त्या म्हणाल्या. या वेळी शब्द अख्खे आले.