भैरवीनंतरची बाजू

मी एक जुनी ग्रामोफोनची तबकडी आहे. पण मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी चांगली नाही. कुणाकडून तरी तुम्हाला ते कळणारच, मग माझ्याकडूनच कळलेलं बरं.

माझ्यात गायल्या आहेत त्या वसुमतीबाई. थोर गायिका. बेंगळुरूला रामनवमीच्या मांडवात त्या गायला बसल्या की बाहेर रस्त्यावर माणसं उभी राहून ऐकत. त्यांच्या इतर तबकड्या लोकांनी झिजेपर्यंत वाजवल्या. माझ्या वेळी मात्र कंपनीला काहीतरी नवीन करायची हुक्की आली. तंबोऱ्याच्या जागी सिंथेसायझर आला, तबल्याच्या जागी ड्रम आले आणि पाकिटावरच्या फोटोत बिचाऱ्या बाई रंगीबेरंगी दिव्यांखाली अवघडून उभ्या राहिल्या. साच्यातून गरमागरम बाहेर पडले तेव्हा मला यातलं काय ठाऊक? आपलंही कौतुक होणार, असंच मी धरून चालले होते.

त्यात आणखी एक घोटाळा झाला. मैफलीत भैरवी शेवटी गातात. ती झाली की गाणं संपलं, लोक चपला शोधायला लागतात. कंपनीने ती माझ्या पहिल्याच बाजूला घातली, का तर तिथे जागा उरली होती.

बेंगळुरूतल्याच बसवनगुडीच्या त्रिविक्रम अण्णांनी मला मोठ्या हौसेने विकत आणलं. ते बाईंचे भक्तच, त्यांना अक्का म्हणत. पण ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला. भैरवी संपताच त्यांनी मला पाकिटात घातलं आणि म्हणाले, "अक्कांनी असं करायला नको होतं." त्यानंतर ते बाईंच्या मैफलीला कधी गेले नाहीत. बाई वारल्याचं पेपरात आलं, त्या दिवशी ते कुणाशी बोललेही नाहीत. हे सगळं माझ्यामुळे झालं, ही टोचणी मला तेव्हापासून आहे.

कपाट उघडलं की माझ्या मनात येई, आज मला काढतील का, काढलं तर टाकून देतील का? शिवाय माझी दुसरी बाजू मलाच माहीत नव्हती. सुई फिरल्याशिवाय आम्हाला आमचा आवाज कळत नाही.

यंदा अण्णा मुलाकडे सर्जापूर रोडच्या फ्लॅटमध्ये राहायला निघाले. त्यांची सून शुभदा, मूळची पुण्याची, तबकड्या खोक्यात भरत होती. मी तिच्या हाताला लागले.

"अण्णा, ही तुम्ही कधी लावतच नाही ना? हिचं वॉल क्लॉक करून घेऊ? मध्ये मशीन बसवून देतात, मस्त दिसतं."

"सरी, बरं, कर," अण्णा म्हणाले. "नाहीतरी ती ऐकण्यासारखी नाही."

माझा धीरच सुटला. माझ्यावर आकडे चिकटवणार, काटे फिरवणार. शुभदाने मला उलटसुलट करून पाहिलं.

"ही बाजू वर ठेवू. एकसुद्धा ओरखडा नाहीये."

"ओरखडा कसा असेल? ती कधी लावलीच नाही. भैरवीनंतर कुणी ऐकतं का?"

"म्हणजे अर्धी रेकॉर्ड न ऐकताच तुम्ही त्यांच्यावर रुसलात?"

अण्णा खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "लाव. स्वल्प ऐकू."

खरं सांगते, तेव्हा वाटलं, घड्याळच बरं. हीसुद्धा बाजू वाईट निघाली तर?

आणि ती वाईटच निघाली. तोच सिंथेसायझर, तेच ड्रम, आणि त्यांच्यामागे धापा टाकत पळणाऱ्या बाई. अण्णांनी उठण्यासाठी गुडघ्यावर हात ठेवला. तेवढ्यात गाणं अडखळलं, वाद्यं थांबली आणि बाईंचा बोलण्याचा आवाज आला. हळू, घाबरलेला.

"जमत नाहीये ना मला? पुन्हा घ्यायचं का?"

त्यांना कुणी उत्तर दिलं नव्हतं. कंपनीने ते वाक्य कापण्याचीही तसदी घेतली नव्हती. लगेच पुढचं गाणं सुरू झालं.

इतकी वर्षं मी समजत होते, ही भीती माझी एकटीची आहे.

अण्णांचे डोळे भरून आले. त्यांनी सुई उचलली आणि पुन्हा सुरुवातीला नेली.

"घ्या अक्का," ते म्हणाले. "पुन्हा घ्या. मी बसलोय."

मित्रांनो, माझं घड्याळ झालं नाही. मी चांगलीही झाले नाही. तुमचं आवडतं माणूस कधी चुकलं तर एवढंच करा, लगेच उठून जाऊ नका. दुसरी बाजू चांगली निघेलच असं नाही. पण तिथे ते माणूस तुम्हाला काहीतरी विचारत असेल, आणि उत्तर द्यायला समोर कुणीतरी बसलेलं हवं.