या गावात भांडण होत नाही

मित्रांनो, यंदाच्या दसऱ्याला आमच्या गावात भांडण झालं आणि सिद्धोधनचा उजवा हात मोडला. आता हे वाक्य विसरून जा. तसं काही झालेलं नाही. मी एक जुना पत्र्याचा बोर्ड आहे आणि माझ्यावर निळ्या अक्षरांत लिहिलंय, ‘या गावात भांडण होत नाही.’

जिंतूरहून येलदरीकडे जाताना आमचा फाटा लागतो, तिथे मी उभा आहे. गावाचं नाव माझ्यावरून केव्हाच पुसलं गेलं. वाक्य तेवढं टिकलं. माझा जन्म परभणीतल्या एका शेडमध्ये झाला. सरकारची कसलीशी सलोखा मोहीम होती. नागनाथ पेंटरने एका दिवसात माझ्यासारखे चाळीस बोर्ड रंगवले. ‘भांडण’ हा शब्द काढताना तो पत्रेवाल्याशी इतका भांडला, की त्यावरचा अनुस्वार टिकलीएवढा झालाय. पत्रा नवा ठरला होता आणि आला जुना. माझ्या पाठीवर अजून खरजेच्या मलमाची जाहिरात आहे.

गावाने मला वाजतगाजत आणलं. साहेबांनी नारळ फोडला, फोटो काढला आणि गेले. मोहीम पुढच्याच वर्षी बंद पडली. पण ते गावाला कोणी कळवलं नाही.

सुरुवातीला मला फार अभिमान होता. लोक खरंच भांडेनात. म्हणजे, गावात भांडेनात. अगदीच राहवलं नाही, तर दोघंजण चालत ओढ्यापलीकडे शेजारच्या शिवारात जायचे, तिथे एकमेकांची गचांडी धरायचे आणि परत येऊन एकाच टपरीवर चहा प्यायचे. शेजारच्या गावाचं नाव मात्र खराब झालं. तिकडे सोयरीक करायला लोक बिचकू लागले.

पुढे मी जरासा देवच झालो. नवरानवरी मारुतीच्या आधी माझ्या पाया पडू लागली. शाळेत परिपाठाला पोरं माझं वाक्य एका सुरात म्हणू लागली. निवडणुकीला समोर उभं राहणं म्हणजे भांडणच, म्हणून भुजंगराव सलग तीनदा बिनविरोध सरपंच झाले. दर दसऱ्याला ते मला हार घालतात. मला वाटायचं, मान आपलाच आहे.

सिद्धोधन आणि त्याची बायको रेणुका यांचं दोन एकर रान भुजंगरावांच्या रानामागे आहे. त्यांची गाडीवाट माझ्या खांबापासून सुरू होते. व्हायची. भुजंगराव दर साली नांगरताना वीतभर वाट खायचे. यंदा दसऱ्याच्या सकाळी मला हार घालून झाल्यावर त्यांनी उरलेली वाटही नांगरायला ट्रॅक्टर आणला. आत सोयाबीन कापून पडलेलं, वर आभाळ आलेलं, आणि मळणीचं मशीन दुपारी यायचं होतं.

रेणुका ट्रॅक्टरपुढे उभी राहिली.

“सरपंच, वाट सोडा. मशीन कुठून नेऊ?”

“भांडायलीस व्हय बाई? बोर्ड वाच. भांडायचंच असल तर चल वढ्यापल्याड.”

“वाट हितं हाय. भांडण तिकडं कशाला नेऊ?”

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. ते हसू भुजंगरावांना झोंबलं. सिद्धोधन बायकोला बाजूला घ्यायला पुढे आला, त्यालाच त्यांनी ढकललं. तो माझ्या लोखंडी खांबावर आदळला. हाड मोडल्याचा आवाज खांबातून माझ्यापर्यंत चढत आला. मित्रांनो, तो अजून उतरलेला नाही.

तीस-चाळीस माणसं होती. सगळ्यांनी सिद्धोधनकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघितलं. मनकर्णा आजी ओरडली, “आगं माय, हात मोडला की लेकराचा!” मग तिचीही नजर माझ्याकडे गेली आणि ती हळूच म्हणाली, “पडला म्हणा. भांडण न्हाई काई.”

ठाण्यातून पोलीस जमादार आले. वही उघडण्याआधी त्यांनी मला वाचलं आणि लिहिलं, ‘पाय घसरून पडला.’

“घसरायला हितं शेवाळ हाय का सायेब?” रेणुकानं विचारलं.

“बाई, लय चांगलं गाव हाय तुमचं. कशाला डाग लावायला?”

मी गप्प राहिलो, असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं. मी गप्प नव्हतो. माझं ते एकच वाक्य मी तेव्हाही सगळ्यांना सांगतच होतो.

मशीन फाट्यावरूनच परत गेलं. सिद्धोधनचा हात गळ्यात, म्हणून रेणुकानं एकटीनं ओढ्याला वळसा घालून दोन दिवस डोक्यावर भारे वाहिले. निम्म्या शेंगा पावसात काळ्या पडल्या. तिसऱ्या दिवशी ती चुलीतला कोळसा घेऊन आली आणि माझ्या वाक्याखाली लिहून गेली, ‘झालं. दसऱ्याला.’ एवढ्या वर्षांत माझ्या तोंडावर लिहिलेलं हे पहिलं खरं. ते दोन तास टिकलं. मग भुजंगरावांनी मला धुऊन नवा रंग दिला. आता मी लांबूनही स्पष्ट दिसतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात की आमची काळजी घ्या. माझी घेऊ नका. हार घालू नका, रंग देऊ नका, गंजू द्या. आणि कोणाची ओळख असेल, तर एवढा अर्ज वर पोचवा.

प्रति, सलोखा मोहीम कक्ष (बंद). महोदय, मौजे (नाव पुसट) येथे यंदाच्या दसऱ्यास सकाळी नऊ वाजता एक भांडण झाले, त्यास पूर्वलक्षी प्रभावाने मंजुरी मिळावी. सदर भांडणात बोर्डाचा खांब वापरला गेल्याने बोर्डाचा जबाब नोंदवावा. श्रीमती रेणुका यांची वाट पूर्ववत करून द्यावी. आणि तोपर्यंत बोर्डाची मलमाची बाजू रस्त्याकडे करण्यात यावी, ही नम्र विनंती.