आळ आलेला दरवाजा

भिंतींना कान असतात, असे माणसे पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आली. दरवाज्याला जीभ असेल, अशी शंका मात्र कुणाला आली नाही. म्हणून आज मीच बोलतो. मी नववीच्या वर्गाचा दरवाजा आहे.

सुताराच्या रंध्याखाली माझा जन्म झाला. सागवानाची ऐट मला नाही. लाकूड साधे, पण बिजागऱ्या पक्क्या. शाळेत मला बसवले तेव्हा आतून एक जाड कडी ठोकली गेली, आणि तिच्यासोबत एक रूढीही. ज्या शिक्षकाचा दरवाजा बंद, त्याचा वर्ग मुठीत. ज्याचा उघडा, तो कच्चा. जुन्या कहाण्यांत संकट नेहमी बाहेरून दार ठोठावते आणि आतली कडी तारून नेते. संकट आतच बसलेले असेल तर तीच कडी त्याची पाठराखीण होते, हा विचार कहाण्यांनी केला नाही आणि शाळेनेही.

गणिताचे सर मितभाषी. कडी लावल्याखेरीज ते खडू हाती घेत नसत. वर्गात एक दांडगा मुलगा होता. खेळाच्या संघामुळे सारे त्याला कप्तान म्हणत. एका सकाळी तो बाकाखाली मोबाइल पाहत होता. सरांनी मागितला, त्याने दिला नाही. सरांनी काढून घेतला. पुढच्या क्षणी फळ्यावर रेघा मारायची लाकडी पट्टी त्याच्या हातात होती आणि सरांच्या भुवईतून रक्त येत होते. बाहेरून कुणी धावून आले नाही, कारण माझ्याआड सारे आलबेल असते अशी सर्वांची समजूत.

मुख्याध्यापिकांनी जखमेविषयी विचारले, तेव्हा सर म्हणाले, "दरवाजा आदळला."

माणसांच्या दरबारात लाकडाची साक्ष चालत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसे झाले. माझ्या कडेला रबर ठोकण्यात आले.

दुसऱ्या दिवशी सर माझ्यापर्यंत आले. त्यांनी मुठीवर हात ठेवला. आत कप्तान पाय पसरून बसला होता. सर तसेच माघारी वळले. पुढचे मला शिक्षकांच्या खोलीच्या दरवाज्याने सांगितले. तो माझा सख्खा भाऊ, एकाच ओंडक्यातला. सरांनी तिथे जाऊन नोकरी सोडत असल्याचे सांगितले. घरी दोन लेकरे, तरीही.

भाषेच्या बाई त्यांच्या भुवईकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "गेल्या वर्षी मला कपाटाने मारलं होतं, सर. चित्रकलेच्या सरांना जिन्याने. आपल्या शाळेत पोरं गुणी आहेत हो, सामानच तेवढं द्वाड."

सर हसले, आणि हसता हसता त्यांचा बांध फुटला.

दोघे मिळून भावाच्या समोरच्याच खोलीत मुख्याध्यापिकांकडे गेले. त्या "वर्ग सांभाळता येत नाही का" असे म्हणू लागल्या आणि बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून मध्येच थांबल्या. शाळेच्या इतिहासातले ते सर्वांत शहाणे अर्धे वाक्य. कप्तानाला आणि त्याच्या आईला बोलावणे गेले. माझा लेक असा नाहीच, सरांनीच काही केले असेल, असे ती माऊली तावातावाने सांगत होती.

सर शांतपणे म्हणाले, "त्याला काढून टाका, असं मी म्हणणार नाही. पण काही झालंच नाही, असंही आता म्हणणार नाही."

तेव्हा कोपऱ्यात उभा असलेला कप्तान म्हणाला, "मी मारलं, आई."

आई मटकन खाली बसली. पण माझा भाऊ म्हणतो, त्या खोलीतल्या प्रत्येकाने त्या वेळी कोंडलेला श्वास सोडला, मुलानेही.

घटनेची रीतसर नोंद झाली. सरांना उपचार आणि रजा मिळाली. कप्तानाला काही काळ वर्गाबाहेर ठेवले, समुपदेशकांकडे पाठवले, आणि सर तयार होईपर्यंत त्याने दुसऱ्या तुकडीत बसावे असे ठरले. मारहाण लपवणे हा यापुढे सोशिकपणा मानला जाणार नाही, हे मुख्याध्यापिकांनी सर्वांसमक्ष सांगितले. सगळ्या वर्गांच्या कड्या उतरल्या. माझी निघाली तेव्हा दुखले खरे, पण काटा निघाल्यासारखे.

आता मी दिवसभर भिंतीला पाठ टेकून उभा असतो. वर्गाचा गलका बाहेर जातो आणि त्यावरून कुणी कुणाला कच्चा ठरवत नाही. रजा संपवून सर आले, तेव्हा उंबऱ्याशी क्षणभर थबकले. मग आत गेले आणि म्हणाले, "बसा. गणित अर्धंच राहिलंय."

गुरुजनहो, आमच्यावर हवे तेवढे खिळे ठोका. पण तुमची जखम आमच्या माथी मारू नका. ती आमच्याने भरून येत नाही.