बैल सापडस का

हे मी, हिलालचा शाळेपासूनचा दोस्त वना, लिहिणारच नव्हतो. दोनदा कागद पुढ्यात घेतला आणि ठेवून दिला. हिलालचं दुःख हिलालचं, आपण त्यात कशाला पडायचं. पण बाप गेल्याचं हिलालला काहीच नाही, असं भलतंच गावात बोललं गेलं, म्हणून लिहितोय.

भिकुबाईंनी हिलालच्या हातातलं पुस्तक ओढलं. त्याने ते सोडलं नाही, परत ओढलंही नाही. नुसतं धरून ठेवलं.

"बाप जाईसन पाच दिन नही झायात," भिकुबाई म्हणाल्या, "आनि हाऊ दारवर पुस्तक लिसन बठना! लोके काय म्हनतीन?"

भिकुबाई म्हणजे हिलालची आत्या, चुडामण आबांची सख्खी बहीण. भाऊ गेल्यापासून रडून रडून त्यांचा आवाज बसला होता. हिलाल मात्र एकदाही रडला नव्हता. ताट वाढलं की जेवायचा. दारावर बसायला आलेल्या माणसाने काहीही म्हटलं तरी "हां" म्हणायचा. आबा आता सुटले, हां. देवमाणूस होता, हां. पाऊस येईलसं वाटतं, हां.

"राहू दे अक्का," शेजारच्या मळ्याचे तोताराम नाना म्हणाले. "त्याना हातनं पुस्तक पाट फुटना तरी सुटस नही."

ओसरीवरचे दोघं-चौघं हसले आणि लगेच गप्प झाले.

पाट फुटल्याची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. हिलाल केळीला पाणी देताना फावडं काखेत आणि पुस्तक डोळ्यांपुढे धरून उभा राहायचा. एकदा पाट फुटला आणि सगळं पाणी नानांच्या कपाशीत गेलं. नाना बांधावर येऊन ओरडले होते, "तुना पुस्तकमा पूर उना का रे?" हिलालने आधी पान संपवलं, मग फावडं उचललं.

वाचायच्या बाबतीत तो हट्टी होता. भडगावच्या वाचनालयातून जाडच पुस्तक आणायचा. बारीक पुस्तक म्हणजे पाहुणा, म्हणायचा, पाणी प्यायला की निघाला. प्रस्तावना कधी वाचायचा नाही. ज्यात गुरंढोरं आहेत, माणसं शेतात घाम गाळतात, असं पुस्तक त्याला लागायचं. खुणेला पानात केळीच्या खोडाचं वाळलेलं सोपट. आणि पुस्तक हातात पडलं की आधी शेवटचं पान वाचायचं. कोण राहतं आणि कोण जातं ते एकदा कळलं, की मग निवांत वाचता येतं, म्हणायचा.

आबांचं उलटं. आबांना अक्षर येत नव्हतं. दुपारी मोटर चालू झाली की विहिरीपाशी निंबाखाली बसायचे आणि हिलाल मोठ्याने वाचायचा. शेवटाचा नुसता विषय निघाला तरी आबा कानावर हात ठेवायचे.

ओसरीवर चुळबुळ वाढली, तसा मी हिलालला उठवून मागे गोठ्यात नेलं. कडब्याच्या पेंढ्यांवर बसलो. त्याने पुस्तक मांडीवर उघडलं. काल होतं तेच पान. परवाही तेच होतं.

"वाचस का नुसतं धरस?" मी विचारलं.

"धरस."

हे पुस्तक एका शेतकऱ्याचं होतं. त्याचा बैल बाजारातून हरवतो आणि तो गावोगाव शोधत फिरतो. आबांनी त्या शेतकऱ्याला रोज शिव्या घातल्या होत्या, बैल एकटा सोडलाच कसा म्हणून. वाचन अर्ध्याच्या पुढे गेलं आणि आबांना जळगावला दवाखान्यात न्यावं लागलं. पुस्तकही पिशवीतून गेलं, पण तिथे ते उघडलंच नाही.

"दवाखानामा आबासनी इचारं," हिलाल म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता, दुसऱ्या कुणाचं सांगत असल्यासारखा. "हिलाल, बैल सापडस का?"

"मंग?"

"मी सांगं, माले माहीत नही."

गाय खुंट्याभोवती फिरली. हिलालने पाय आत घेतले.

"आबा मन्हाकडे देखत राहिनात. मन्हा तोंडवर बठ्ठं देखं. मंग बोलनात, बरं. आनि भितकडे तोंड करी लिधं."

हिलालने शेवट सांगितला असता तर घरी येऊन वाचायचं काही उरलंच नसतं. तेवढ्यासाठी तो खोटं बोलला होता. पण शेवटचं पान आधी वाचणाऱ्या पोराला शेवट माहीत नाही, हे आबांना पटणार कसं?

"तू सांगाले पाहिजे व्हतं, असं वाटस का?" मी विचारलं.

"काय माहीत." त्याने पानावरून हात फिरवला. "शेवट त्यासनी जनमभर इचारा नही, वना. त्या दिन इचारा. मी सांगो का ना सांगो, त्यासले त्यासना शेवट कळेलच व्हता."

ओसरीवरून भिकुबाईंचा आवाज आला, कुणी नवीन बाई आल्या असाव्यात. हिलाल उठला नाही. त्याने पान डोळ्यांजवळ नेलं आणि मोठ्याने वाचायला लागला. चार ओळी झाल्या. शेतकरी कुठल्याशा नदीवर पोचला होता. हिलाल थांबला. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचं लक्ष समोरच्या रिकाम्या पेंढीकडे होतं.

"अठेच अडकस," तो म्हणाला. "आबा म्हनेत, हां, मंग? तवय मी पुढे जाऊ. आते कोनी म्हनस नही."

मी विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी पुन्हा बांधणारा माणूस. तांब्याच्या तारेतलं मला कळतं, पुस्तकातलं नाही. शाळेतसुद्धा कोणी वाचून दाखवायला लागलं की माझी मान पडायची.

"रोज दुपारले येसू," मी म्हणालो. "पुस्तक सरस तोवर. हुंकारा मी देसू."

"झोपी जाशी तू."

"झोपाव नही. शब्द दिधा तुले."